सीटी अँजिओ जरूर करा, पण त्याआधी तुमच्या ता.क.बद्दल

पत्र, थोडं कापून: "नमस्कार ताई. मी ५२ वर्षांची, राहायला मुलुंड पूर्व, नोकरी फोर्टात. गेले तीनेक महिने स्टेशनचा ब्रिज चढताना किंवा घरचे तीन मजले चढताना (लिफ्ट नाही) छातीवर दडपण येतं, जबड्यापर्यंत दुखतं, दोन-चार मिनिटं थांबलं की जातं. डायबेटिस आठ वर्षं, मेटफॉर्मिन चालू. वडिलांना ५४व्या वर्षी अ‍ॅटॅक आला होता. ईसीजी आणि टूडी इको नॉर्मल. टीएमटी (ट्रेडमिलवर चालायची टेस्ट) दम लागला म्हणून मध्येच बंद केली, रिपोर्टात 'इनकन्क्लुझिव्ह' लिहिलंय. डॉक्टर म्हणतात सीटी कोरोनरी अँजिओ (हार्टच्या वाहिन्यांचा सीटी स्कॅन) करा. मिस्टर म्हणतात अ‍ॅसिडिटी आहे. दीर म्हणतात सीटीनंतर खरी अँजिओ (आत नळी घालून करतात ती) करावीच लागते, मग डबल खर्च कशाला. जाऊबाई म्हणतात रेडिएशनने कॅन्सर होतो, डायने किडनी जाते. जवळच्या लॅबमध्ये कॅल्शियम स्कोअरचं पॅकेज स्वस्तात आहे, तेवढंच करू का? आणि खरं सांगू, मला भीती स्टेंटची आहे, एकदा आत घेतलं की टाकूनच पाठवतात म्हणे. ता.क. गेल्या आठवड्यात एकदा रात्री जेवून टीव्ही बघत बसले होते तेव्हाही तसंच दुखलं, वीसेक मिनिटं राहिलं, पण त्या दिवशी मिसळ खाल्ली होती."

ताई, आधी ता.क. बाकीचं सगळं नंतर.

चढताना दुखतं आणि थांबलं की जातं, ही एक गोष्ट. काही न करता बसल्या जागी दुखतं आणि वीस मिनिटं राहतं, ही साफ वेगळी गोष्ट, आणि ती तुम्ही मिसळीच्या नावावर खपवून मोकळ्या झालात! असेलही मिसळ. पण आठ वर्षांचा डायबेटिस, वडिलांची हिस्टरी, तीन महिन्यांचा चढतानाचा त्रास आणि त्यावर हे बसल्या जागचं दुखणं, एवढं एकत्र आलं की डॉक्टर ते अनस्टेबल अंजायना (हार्टला रक्त कमी पडून होणारं आणि कधीही बिघडू शकणारं दुखणं) धरूनच चालतात, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. म्हणून हे वाचून संपल्यावर नाही, आत्ता इथेच थांबून तुमच्या कार्डिओलॉजिस्टला फोन लावा आणि एकच वाक्य सांगा, की गेल्या आठवड्यात बसले असताना वीस मिनिटं दुखलं. बहुतेक आजच बोलावतील, ईसीजी परत काढतील, रक्तातलं ट्रोपोनिन बघतील (हार्टच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं), आणि कदाचित सीटीचा बेतच रद्द करून अ‍ॅडमिट व्हा, थेट अँजिओग्राफी करू असंही म्हणतील. तसं म्हणाले तर "पण सीटी ठरलं होतं ना" म्हणून अडून बसू नका, कारण सीटी हे सावकाश शोध घेण्याच्या केससाठी असतं, धावपळीच्या केसमध्ये क्रम बदलतो.

आणि फोन लागायच्या आधी परत तसं झालं, पाच-दहा मिनिटांत गेलं नाही, घाम आला, मळमळलं, तर १०८ लावा नाहीतर मिळेल त्या गाडीने कॅज्युअल्टी गाठा, शक्यतो जिथे चोवीस तास कॅथ लॅब (नळी घालून अँजिओ करतात, स्टेंट टाकतात ती खोली) आहे तिथली. मिस्टरांच्या बाईकवर मागे बसून नाही हं, आणि सकाळपर्यंत वाट बघून तर अजिबात नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, अल्सर वगैरे काही नसेल तर एक डिस्प्रिन चावून खायला हरकत नसते, हेही डॉक्टरांना फोनवर विचारूनच ठेवा म्हणजे ऐनवेळी घरात चर्चासत्र नको.

आता समजा डॉक्टरांनी तपासलं, ट्रोपोनिन वगैरे ठीक आलं आणि ते म्हणाले सीटीच करू. पुढचं सगळं त्या हिशोबाने लिहितेय. मी डॉक्टर नाही, मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या सीटी विभागात टेक्निशियन म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे औषधाचा डोस मला विचारू नका, पण त्या खोलीत काय होतं आणि रिपोर्ट हातात आल्यावर घरात काय गोंधळ होतो हे मी भरपूर बघितलंय.

मिस्टरांना सांगा, अ‍ॅसिडिटीला जिने मोजता येत नाहीत. चढलं की येतं, थांबलं की जातं, जबड्यापर्यंत जातं, याला पुस्तकात टिपिकल अंजायनाच म्हणतात, आणि हेच दुखणं पुरुषाला झालं असतं तर घरातल्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याला डॉक्टरकडे ओढत नेलं असतं, हे मी मुद्दाम लिहितेय. बायकांना जबडा, पाठ, खांदा, नुसता दम असंही होतं आणि डायबेटिसमध्ये तर कधीकधी दुखतच नाही, नुसता थकवा. वडिलांचा ५४ला अ‍ॅटॅक हाही कागदावर लिहिण्यासारखा मुद्दा आहे, कारण वडील किंवा भाऊ ५५च्या आत आणि आई किंवा बहीण ६५च्या आत असेल तर ती लवकरची हिस्टरी धरतात. त्यात आपण दक्षिण आशियातले. इंटरहार्ट म्हणून एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात आपल्याकडच्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला आणि बाकीच्या जगात जवळजवळ ५९ला. म्हणजे "अजून वय कुठे झालंय" हे आपल्याकडे चालत नाही.

ईसीजी, इको नॉर्मल आले म्हणजे सुटलो असं वाटतं, पण ते दोन्ही तुम्ही शांत पडलेल्या असताना काढलेले. त्या वेळी हार्टला रक्त पुरत असतं म्हणून सगळं छान दिसतं, अडचण येते ती चढताना. त्यासाठीच तर टीएमटी. पण टीएमटीत हार्ट रेट ठराविक आकड्यापर्यंत जावा लागतो, २२० मधून वय वजा करायचं आणि त्याच्या ८५ टक्के, म्हणजे तुमच्यासाठी साधारण १४३. त्याआधीच बंद केली की तो पेपर अर्धवट सोडलेला, पास पण नाही नापास पण नाही. शिवाय बायकांमध्ये टीएमटी उगाचच पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी सीटी सांगितलं ते काही मशीनचे हप्ते फेडायला नाही, हा सरळ मार्ग आहे. ब्रिटनमध्ये तर २०१६ पासून अशा छातीत दुखणाऱ्या नव्या पेशंटला पहिली तपासणी सीटी अँजिओच करा अशी त्यांच्या नाइस संस्थेची गाईडलाईन आहे.

कॅल्शियम स्कोअरचं पॅकेज. ते वाईट नाही, पण तुमच्यासाठी नाही. ती तपासणी डायशिवाय (वाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) होते, रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम मोजते, अ‍ॅगॅटस्टन स्कोअर म्हणतात त्याला, ० म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही आणि ४००च्या वर म्हणजे भरपूर. ज्याला काहीच त्रास नाही पण स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) सुरू करावं की नाही असा प्रश्न आहे, त्याला ते कामाला येतं. तुम्हाला त्रास आहे. सगळा प्लाक (वाहिनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर) कॅल्शियमवाला नसतो, मऊ प्लाक असतो तो या स्कॅनमध्ये दिसतच नाही, मग स्कोअर शून्य आला की मिस्टर म्हणणार "बघ, म्हटलं नव्हतं", आणि तुम्ही परत ब्रिज चढायला मोकळ्या. खोटा दिलासा हा सगळ्यात महाग पडतो. तसंही कोरोनरी सीटी करताना बऱ्याच सेंटरवर आधी कॅल्शियम स्कोअरचा स्कॅन होतोच, त्यासाठी वेगळं पॅकेज घ्यायची गरज नाही.

दिरांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तो अर्धा बरोबर आहे. सीटीमध्ये मोठा ब्लॉक दिसला तर हो, कॅथ लॅबमध्ये जावंच लागतं, सीटीत स्टेंट टाकता येत नाही. पण सगळ्यांना जावं लागत नाही ना! सीटीची खरी ताकद "नाही" म्हणण्यात आहे, चांगल्या मशीनवर नीट निघालेल्या सीटीत वाहिन्या साफ दिसल्या तर तिथे मोठा ब्लॉक असण्याची शक्यता फारच थोडी उरते. युरोपात डिस्चार्ज नावाची ट्रायल झाली, २०२२ मध्ये छापून आली, ३५६१ पेशंट, निम्म्याहून जास्त बायका, सगळ्यांना स्थिर छातीदुखी. अर्ध्यांना आधी सीटी, अर्ध्यांना थेट कॅथेटरवाली अँजिओ. तीन-साडेतीन वर्षांनी अ‍ॅटॅक, स्ट्रोक, मृत्यू यात दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता, पण तपासणी-उपचारांतल्या मोठ्या गुंतागुंती सीटीच्या गटात ०.५ टक्के आणि थेट अँजिओच्या गटात १.९ टक्के. आणि सीटीवाल्यांपैकी बहुतेकांना कॅथ लॅबची पायरी चढावी लागली नाही. तेव्हा दिरांना सांगा, दोनदा खर्च होऊ शकतो, पण आधीच कॅथेटर घालायला पण काही फुकटात नाही घेत.

हो, एक आहे. कुणाच्या वाहिन्यांत कॅल्शियम फारच भरलेलं असलं तर सीटीत ते पसरल्यासारखं मोठं दिसतं आणि ४० टक्क्यांचा ब्लॉक ७० वाटू शकतो. हार्टचे ठोके फार अनियमित असतील किंवा आधी बारीक स्टेंट टाकलेला असेल तरी चित्र धड येत नाही. अशा लोकांना डॉक्टर स्वतःच दुसरी तपासणी सांगतात. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

जाऊबाई. रेडिएशन असतं, नाही कसं. पण नव्या मशीनवर कोरोनरी सीटीचा डोस साधारण १ ते ५ मिलिसिव्हर्टच्या आसपास, आणि आपण नुसतं पृथ्वीवर राहून निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ घेत असतो, जमिनीतून, हवेतून, अन्नातून. जुन्या काळी या तपासणीचा डोस १०च्या वर जायचा, ती भीती तेव्हाची उरलीय. कॅथेटरवाल्या अँजिओतही एक्सरेच वापरतात, ती काही हवेवर चालत नाही. ५२ व्या वर्षी, एवढी लक्षणं असताना, एका स्कॅनने वाढणारी कॅन्सरची शक्यता खूप बारीक आहे आणि न बघता सोडलेल्या ब्लॉकची नाही. दरवर्षी हौसेने करायची तपासणी मात्र नाही ही. आणि पाळी अजून चालू असेल, दिवस गेल्याची थोडी जरी शंका असेल तर टेक्निशियनला आधीच सांगा, लाजू नका.

किडनीचं त्यांचं म्हणणं डायबेटिस असल्यामुळे जास्त लक्ष देण्यासारखं आहे. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन करा आणि त्यावरून निघणारा ईजीएफआर (किडनी किती काम करतेय तो आकडा) बघा. तो ३०च्या वर आणि बाकी तब्येत ठीक असेल तर शिरेतून दिलेल्या डायने किडनीला इजा होण्याची भीती फार थोडी. ३०च्या खाली असेल तर डॉक्टर परत विचार करतात आणि मेटफॉर्मिन थांबवून ४८ तासांनी किडनी बघून पुन्हा सुरू करतात. आपल्याकडे बरीच सेंटर्स सरसकट सगळ्यांना दोन दिवस मेटफॉर्मिन बंद ठेवायला सांगतात, सांगितलं तर ऐका, फक्त त्या दोन दिवसांत शुगरचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, नाहीतर गोळी बंद आणि वर सणाचं जेवण असं होतं. नंतर पाणी भरपूर प्या. आणि मासळीबद्दल, कारण मुंबईत हे दर तिसरा पेशंट सांगतो: कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं म्हणून आयोडिनचा डाय चालणार नाही, असं नसतं. दोन्हींचा तसा संबंध नाही. आधी कधी डायचीच रिअ‍ॅक्शन आली असेल, दमा असेल, तर ते महत्त्वाचं, ते आधी सांगा, मग काही तास आधीपासून गोळ्या देऊन तयारी करता येते.

आता त्या दिवशीचं, कारण अर्ध्या तपासण्या बिघडतात त्या इथे. हार्ट सतत हलतंय आणि आपल्याला दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिनीचा फोटो हवाय. चालत्या फास्ट लोकलमधून मधल्या स्टेशनचा बोर्ड वाचायचा तसं आहे ते, गाडी हळू झाली तरच अक्षरं लागतात. म्हणून हार्ट रेट ६०-६५च्या खाली आणायचा. त्यासाठी तासभर आधी मेटोप्रोलॉलसारखी गोळी देतात, कधी शिरेतून, दमा असेल किंवा बीपी खूप कमी असेल तर हेही आधीच सांगायचं. आणि म्हणूनच चहा-कॉफी बंद, १२ तास आधीपासून. हे सगळ्यांना सांगितलेलं असतं, छापलेला कागद पण दिलेला असतो, तरी उपाशी या म्हटल्यावर लोक सकाळी एक कटिंग मारून येतात, चहा म्हणजे काय खाणं थोडंच! एक गृहस्थ आठवतात, पार विरारहून पहाटेच्या गाडीने आलेले, स्टेशनवर एक आणि आमच्या गेटवर एक असे चहा झालेले, हार्ट रेट ९२. गोळी दिली, बसवलं, परत बघितलं, ८४. शेवटी दुपारी तीनला ६६ वर आले तेव्हा स्कॅन केला, तोवर बिचारे भुकेने चिडून लाल. तीन-चार तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी चालतं, आणि डायबेटिस म्हणून सकाळची लवकरची वेळ मागून घ्या.

दागिने घरी ठेवा. मंगळसूत्र छातीवर येतं आणि धातूमुळे चित्रात रेघा उठतात म्हणून काढावंच लागतं, काही बायका तयार नसतात, मग आम्ही मनगटाला गुंडाळून द्यायचो, हात डोक्याच्या वर घ्यायचे असतात त्यामुळे ते चित्रात येत नाही. सेफ्टी पिना पण बघा, गाऊनला टोचून ठेवलेल्या विसरतात. कोपराच्या आतल्या शिरेत इंट्राकॅथ लावतात, नेहमीच्या सलाईनपेक्षा जाड, कारण डाय हाताने नाही, मशीनने सेकंदाला पाचेक मिली या वेगाने जातो. छातीला ईसीजीच्या पट्ट्या. जिभेखाली सॉर्बिट्रेट किंवा स्प्रे, वाहिन्या थोड्या फुलाव्यात म्हणून, त्याने डोकं ठणकू शकतं, तासाभरात जातं. (हे ताईंसाठी नाही, बाकी पुरुष वाचकांसाठी: व्हायग्रासारखी गोळी आदल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर बायको शेजारी असली तरी सांगा, त्यावर सॉर्बिट्रेट दिलं तर बीपी धाडकन पडतं.) मग मशीनचा रेकॉर्डेड आवाज येतो, बऱ्याच ठिकाणी हिंदीत, "साँस अंदर लीजिए, रोकिए". आठ-दहा सेकंद. पोट फुगवून जोरात श्वास घेऊ नका, मध्यम घ्या, दरवेळी सारखाच घ्या, आणि धरलात की हलू नका, गिळू पण नका. घरी दोन-चारदा सराव करून या, फरक पडतो. डाय आत गेला की घशापासून खाली गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते! पण आधी कुणी सांगितलेलं नसलं की बायका दचकून उठायला बघतात आणि तेवढ्यात स्कॅन गेला. टेबलावर एकूण पंधरा-वीस मिनिटं, प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंद, नंतर थोडा वेळ बसवून ठेवतात आणि घरी. येताना कुणाला तरी बरोबर आणा, गोळीने गरगरतं कधीकधी.

सेंटर निवडताना जाहिरातीतल्या स्लाईसच्या आकड्याला फार भुलू नका. ६४ स्लाईस हवंच, त्यापुढे मशीन किती नवीन आहे यापेक्षा तिथे कोरोनरीच्या केसेस नियमित होतात का आणि रिपोर्ट हार्ट बघणारा रेडिओलॉजिस्ट देतो का हे विचारा. तुमच्या कार्डिओलॉजिस्टला कुणाचा रिपोर्ट पटतो हे तर आधी विचारा, नाहीतर ते म्हणणार परत करा.

रिपोर्ट. इथे घराघरात रडारड होते. खाली कॅड-रॅड्स म्हणून एक आकडा असेल, ० ते ५. शून्य म्हणजे काही नाही, १ म्हणजे २५ टक्क्यांच्या आतलं, २ म्हणजे ५०च्या आतलं, ३ म्हणजे ५० ते ६९, ४ म्हणजे ७०च्या वर किंवा लेफ्ट मेन या मुख्य वाहिनीतच ५०च्या वर, आणि ५ म्हणजे पूर्ण बंद. एन लिहिलं असेल तर चित्र वाचण्यासारखं आलं नाही. ३५ का ४५ यावर घरात वाद घालू नका, ते डोळ्यांनी केलेले अंदाज असतात. आकडा ३ असेल तर बहुतेक पुढे थॅलियम किंवा स्ट्रेस इको सांगतात, म्हणजे त्या अरुंद जागेमुळे स्नायूला खरंच रक्त कमी पडतंय का ते बघायला.

आणि लोक १-२ बघून पेढे वाटतात, ते मला पटत नाही. अ‍ॅटॅक बऱ्याचदा ७०-८० टक्क्यांच्या जुन्या ब्लॉकने नाही तर ३०-४० टक्क्यांचा मऊ प्लाक फुटून त्यावर रक्ताची गाठ बसल्याने येतो. स्कॉटलंडमध्ये स्कॉट-हार्ट ट्रायल झाली, ४१४६ लोक, छातीदुखीचेच, निम्म्यांना नेहमीच्या तपासण्यांबरोबर सीटी केलं. पाच वर्षांत हार्टच्या आजाराने मृत्यू किंवा अ‍ॅटॅक सीटीच्या गटात २.३ टक्के, दुसऱ्या गटात ३.९. आणि गंमत अशी की पाच वर्षांअखेर स्टेंट-बायपासची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखीच. फरक पडला तो मुख्यतः प्लाक डोळ्यांना दिसल्यावर योग्य माणसांना स्टॅटिन-अ‍ॅस्पिरिन सुरू झालं म्हणून. म्हणजे तुमचा रिपोर्ट २ आला तर कपाटात ठेवायचा नाही, तो घेऊन डॉक्टरांना विचारायचं की माझा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कितीवर आणायचा आणि कधीपर्यंत. वडिलांची हिस्टरी आहे तर लायपोप्रोटीन ए ही रक्ताची तपासणी एकदा करून घेऊ का हेही विचारा, आयुष्यात एकदा केली तरी पुरते ती.

स्टेंटची भीती. "टाकूनच पाठवतात" हे मी पण ऐकलंय, आणि सगळंच खोटं आहे असं म्हणायला मी काही हॉस्पिटलची पीआरओ नाही. पण उपाय तपासणी टाळणं हा नाही, आधी बोलून ठेवणं हा आहे. सीटीच्या आधीच डॉक्टरांना समोर बसून विचारा: साफ आलं तर काय, मधलं आलं तर काय, ७०च्या वर आलं तर काय. उत्तरं मिस्टरांसमोर ऐका, लिहून घ्या. अंजायना स्थिर असेल तर घाई नसते. इस्केमिया नावाच्या ट्रायलमध्ये, भारतातलेही बरेच पेशंट होते त्यात, ५१७९ लोकांना बघितलं, आधीच अँजिओ करून स्टेंट-बायपास आणि आधी नीट औषधं, यात मृत्यू किंवा अ‍ॅटॅकच्या हिशोबात पहिल्याने फायदा दिसला नाही. दुखणं कमी व्हायला मात्र स्टेंटचा उपयोग झाला, ज्यांना वारंवार दुखायचं त्यांना जास्त. पण लेफ्ट मेनवाले, हार्ट कमजोर झालेले आणि नुकतंच दुखणं बिघडलेले लोक त्यात घेतलेच नव्हते. म्हणून तर मी तुमच्या ता.क.वर एवढी अडले. बसल्या जागचं दुखणं खरं निघालं तर ही ट्रायल तुमच्यासाठी नाही, तेव्हा डॉक्टर स्टेंट म्हणाले तर तो धंदा समजू नका. तशी घाई नसेल तेव्हा मात्र टेबलावर असताना बाहेर नातेवाईकांकडून सही मागायच्या ऐवजी आधी फक्त अँजिओ करा, सीडी द्या, बाहेर बसून ठरवू, असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी कॅप आहे, बिलात स्टेंटची ओळ वेगळी मागून बघता येते.

पैशाचं थोडक्यात. फोनवर रेट विचारताना डाय, क्रिएटिनिन, सीडी सगळं धरून विचारा. पालिकेच्या केईएम, सायन, नायरला कार्डिओलॉजी विभाग आहेत, तिथे खर्च बराच कमी पण तारखेला थांबावं लागतं, आणि तुमच्या केसमध्ये किती थांबायचं हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही. मेडिक्लेमचं एक: कुणीतरी सुचवेल की एक दिवस अ‍ॅडमिट व्हा म्हणजे सीटी क्लेममध्ये बसेल. फक्त तपासणीसाठी झालेलं अ‍ॅडमिशन जवळजवळ सगळ्या पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं, क्लेम नाकारतात आणि वर बेडचे पैसे जातात. ओपीडी कव्हर असेल तर बघा, नसेल तर खिशातून. रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी नक्की घ्या, पुढे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर ते कागदावरची टक्केवारी नाही, सीडीच मागतात.

आणि तोवर ब्रिजवर एस्कलेटर किंवा लिफ्ट असेल ती वापरा, ८:०२ सुटली तर ८:१० येते. फोन केलात का?